लिस्बन ते लंडन : अंतर, उड्डाणाचा वेळ आणि घर ते घर प्रवास

या खेपेस सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच प्रवासाविषयी आहेत. गोव्यातील कितीतरी कुटुंबांत एक मूल लिस्बनला आणि दुसरे लंडनच्या आसपास स्थायिक झालेले आहे, आणि त्यांना भेटायला निघालेल्या आईवडिलांना या दोन शहरांमधला टप्पा बहुतेक वेळा सोबतीशिवाय पार करावा लागतो. गोव्याहून निघतानाच्या मोठ्या प्रवासाची तयारी सगळे मिळून करतात. मधल्या या लहान टप्प्याकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष जात नाही आणि अडचणी नेमक्या तिथेच उभ्या राहतात. म्हणून या अंकात त्याच विषयावरील पत्रे निवडून त्यांना सविस्तर उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई लिस्बनला असतात, तर मुलगा लंडनमधील साउथॉल येथे राहतो. येत्या मे महिन्यात आम्ही दोघे आधी लेकीकडे आणि तिथून मुलाकडे जाणार आहोत. या दोन शहरांमधील अंतर मला एका ठिकाणी १५८५, दुसऱ्या ठिकाणी ९८५ आणि तिसऱ्या ठिकाणी ८५६ असे आढळले. उड्डाणाचा वेळही कुठे सव्वादोन तास तर कुठे पावणेतीन तास लिहिलेला आहे. यातले खरे कोणते मानावे? – एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्याला आढळलेले अंतराचे तिन्ही आकडे बरोबर आहेत, कारण ते एकाच अंतराचे तीन वेगवेगळ्या एककांतील आकडे आहेत. १५८५ हे किलोमीटर आहेत, ९८५ हे ब्रिटनमध्ये रस्त्यांवर आजही वापरले जाणारे मैल आहेत, आणि ८५६ हे सागरी मैल आहेत. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, जहाजांप्रमाणेच विमानांचे मार्गही याच एककात मोजले जातात. संकेतस्थळावर नुसता आकडा असेल आणि एकक बारीक अक्षरात कुठेतरी कोपऱ्यात असेल, तर असा गोंधळ होणे साहजिक आहे.

मात्र १५८५ किलोमीटर हे अंतर एका शहराच्या मध्यापासून दुसऱ्या शहराच्या मध्यापर्यंत, पृथ्वीच्या गोलाईवरून जाणाऱ्या सर्वांत जवळच्या रेषेने मोजलेले आहे. विमान शहराच्या मध्यातून उडत नाही, आणि लंडनच्या बाबतीत या गोष्टीला विशेष महत्त्व आहे, कारण त्या शहराच्या चारी दिशांना विमानतळ पसरलेले आहेत. लिस्बनच्या विमानतळापासून दक्षिणेकडील गॅटविक सुमारे १५४३ किलोमीटर, पश्चिमेकडील हीथ्रो सुमारे १५६५ किलोमीटर आणि ईशान्येकडील स्टॅनस्टेड सुमारे १६२८ किलोमीटर अंतरावर आहे. म्हणजे तिकिटावर तिन्ही ठिकाणी ‘लंडन’ असेच छापलेले असले, तरी त्यांच्यात ८० किलोमीटरांहून अधिक फरक पडू शकतो. प्रत्यक्ष उड्डाणात याहूनही काही अंतर वाढते, कारण विमानाला वाऱ्याच्या दिशेनुसार ठरलेल्या धावपट्टीवरून उडून मग मूळ मार्गाला लागावे लागते आणि उतरतानाही तसाच वळसा घ्यावा लागतो.

वेळेचे दोन्ही आकडेही आपापल्या जागी योग्य आहेत. सव्वादोन तास हा विमान प्रत्यक्ष हवेत असण्याचा वेळ आहे. या मार्गावरील मध्यम आकाराची विमाने उंचीवर पोहोचल्यानंतर ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने जातात, परंतु चढताना आणि उतरताना त्यांचा वेग बराच कमी असतो. पावणेतीन तास हा तिकिटावरचा वेळ आहे, आणि तो विमान लिस्बनच्या फलाटावरून हलल्यापासून लंडनच्या फलाटावर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, उड्डाणाची पाळी येईपर्यंत थांबणे, उतरल्यावर टर्मिनलपर्यंत पोहोचणे हे सारे त्यात धरलेले असते. नियोजन करताना आपण तिकिटावरचाच वेळ धरावा. अंदाज यावा म्हणून सांगायचे तर हे अंतर आणि हा वेळ दाबोळीहून दिल्लीला जाण्याइतकाच आहे. दाबोळी ते दिल्ली हे हवाई अंतर साधारण १५०० किलोमीटर भरते.

आता आपल्या प्रवासाविषयी. आपला मुलगा साउथॉलला राहतो आणि साउथॉल हीथ्रोच्या अगदी शेजारी आहे. एलिझाबेथ लाइनच्या गाड्या हीथ्रोहून थेट तिथे जातात. अशा वेळी स्टॅनस्टेडचे तिकीट थोडे स्वस्त मिळाले म्हणून घेणे माझ्या मते योग्य ठरणार नाही. स्टॅनस्टेडहून रेल्वेने लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकापर्यंत यायलाच पाऊण तासाहून अधिक वेळ लागतो आणि त्यानंतर सामान घेऊन संपूर्ण शहर ओलांडून पश्चिमेकडे जावे लागते. तिकिटात वाचलेले पैसे त्या भाड्यात जातात आणि दमणूक होते ती वेगळीच. लिस्बनच्या बाजूने ही चिंता नाही. तिथला उंबेर्तु देल्गादु विमानतळ शहराला लागूनच आहे आणि २०१२ पासून मेट्रोची लाल मार्गिका थेट विमानतळापर्यंत पोहोचलेली आहे. तरीही लेकीच्या घरातून निघून मुलाच्या घरात पाऊल ठेवीपर्यंत सात ते आठ तास जातील असे धरून चाला. विमानतळावर अडीच-तीन तास आधी पोहोचणे, लिस्बनमधून बाहेर पडतानाची पारपत्र तपासणी, उड्डाण, लंडनमधील प्रवेशाची रांग आणि सामानाची प्रतीक्षा या सर्वांची बेरीज तेवढी होते. दुपारच्या जेवणाच्या सुमारास पोहोचायचे असेल तर सकाळी लवकर निघावे लागेल. मुलाला विमानतळावर बोलावताना विमान उतरण्याची वेळ न सांगता त्यानंतर दीड तासाने येण्यास सांगावे, म्हणजे त्यालाही ताटकळावे लागणार नाही.

प्रश्न : सुनेने आमच्यासाठी लिस्बन–माद्रिद–लिस्बन अशी तिकिटे काढली आहेत. जाताना विमान ९ वाजता निघून ११ वाजून २० मिनिटांनी पोहोचते आणि येताना ६ वाजता निघून ६ वाजून २० मिनिटांनी पोहोचते असे त्यांवर छापले आहे. ही छपाईची चूक आहे का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : छपाईत चूक नाही. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे छापली जाते आणि माद्रिदचे घड्याळ लिस्बनच्या एक तास पुढे असते. त्यामुळे जाताना एक तास वाढलेला आणि येताना तोच कमी झालेला दिसतो. दोन्ही वेळेस प्रवास एक तास वीस मिनिटांचाच आहे.

लिस्बन आणि लंडन यांच्यामध्ये मात्र घड्याळ बदलावे लागत नाही. पोर्तुगालची मुख्य भूमी आणि ब्रिटन हिवाळ्यात आणि उन्हाळ्यातही एकच वेळ पाळतात. १९९२ ते १९९६ या काळात पोर्तुगालने स्पेन-फ्रान्सची वेळ स्वीकारली होती; त्या वर्षांत तिथे राहिलेल्या आप्तांनी ‘लंडनपेक्षा आमचे घड्याळ एक तास पुढे’ असे आपल्याला सांगितले असेल, तर ते तेव्हा खरे होते, आज नाही. गोव्याच्या वेळेशी तुलना करता ही दोन्ही शहरे उन्हाळ्यात साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असतात. बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे होतो. त्या रविवारी प्रवास असेल तर भ्रमणध्वनीवरील वेळ आपोआप बदलते, पण हातावरचे घड्याळ आणि गजराचे साधे घड्याळ बदलत नाही, हे लक्षात असावे.

प्रश्न : लंडनला जाताना आणि परत येताना लागणारा वेळ सारखा का नसतो? मागील वर्षी आमचे विमान वेळेआधी लंडनवर पोहोचूनही बराच वेळ आकाशात घिरट्या घालत राहिले आणि माझी आई फार घाबरली. असे का होते? – एक वाचक, मडगाव

उत्तर : आपल्या मातोश्रींना सर्वप्रथम हे सांगावे की त्या घिरट्या म्हणजे कोणताही बिघाड नव्हता. हीथ्रोला केवळ दोन धावपट्ट्या आहेत आणि जगातील अत्यंत गजबजलेल्या विमानतळांमध्ये त्याची गणना होते. साधारणपणे एका धावपट्टीवर विमाने उतरतात आणि दुसरीवरून उडतात. उतरणाऱ्या विमानांची संख्या वाढली की त्यांना शहराभोवती ठरवून दिलेल्या चार जागांवर, बॉव्हिंगडन, लॅम्बर्न, ऑकम आणि बिगिन यांच्या वरच्या आकाशात, एकाखाली एक अशा ठराविक उंचीवर फेऱ्या मारत ठेवले जाते. सर्वांत खालचे विमान उतरायला निघाले की वरचे प्रत्येक विमान एक पायरी खाली येते. प्रत्येक दोन विमानांमधील उंचीचे अंतर काटेकोरपणे राखले जाते आणि अशा प्रतीक्षेसाठी लागणारे इंधन निघतानाच भरलेले असते. दक्षिण-पश्चिमेकडून, म्हणजे लिस्बनच्या दिशेने येणाऱ्या विमानांना साधारणतः ऑकमच्या वर थांबवतात. खिडकीतून तेच शेत आणि तोच रस्ता पुन्हा पुन्हा दिसू लागला की आपली पाळी जवळ येत आहे असे समजावे.

जाण्या-येण्याच्या वेळेतील फरकाचे मोठे कारण म्हणजे वारा. विमाने ज्या उंचीवरून उडतात त्या नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वायुप्रवाह असतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. लिस्बनहून लंडनचा मार्ग उत्तरेकडे आणि थोडा पूर्वेकडे झुकलेला आहे, त्यामुळे जाताना या वाऱ्याचे थोडे साहाय्य मिळते आणि येताना थोडा विरोध होतो. हा मार्ग प्रामुख्याने दक्षिणोत्तर असल्याने फरक बहुधा दहा-पंधरा मिनिटांचाच पडतो. वारा पूर्णपणे पाठीशी असेल तर काय होते, याचे उदाहरण फेब्रुवारी २०२० मध्ये दिसले. त्या वेळी आलेल्या वादळाच्या काळात न्यूयॉर्कहून निघालेले एक प्रवासी विमान ४ तास ५६ मिनिटांत हीथ्रोला उतरले. एरवी त्या प्रवासाला सहा-सात तास लागतात.

दुसरे कारण मार्गाचे आहे. लिस्बन आणि लंडन यांना जोडणारी जवळची रेषा उत्तर पोर्तुगाल आणि स्पेनचा अस्तुरियास प्रांत ओलांडून बिस्केच्या उपसागरावर जाते, तिथून फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतावरून इंग्लिश खाडी पार करते आणि दक्षिण इंग्लंडमध्ये शिरते. फ्रान्सच्या आकाशातून जाताना तिथल्या हवाई नियंत्रण केंद्रांची परवानगी आवश्यक असते. त्या कर्मचाऱ्यांचा संप असेल किंवा गर्दी फार असेल, तर काही विमाने फ्रान्सला वळसा घालून पश्चिमेकडे समुद्रावरून नेली जातात आणि काहींना लिस्बनच्या जमिनीवरच थांबवून ठेवले जाते. आपण फ्रान्सला जात नसलो तरी फ्रान्समधील संपाची बातमी आपल्या प्रवासाशी संबंधित असते, ती यामुळेच.

विमान ‘वेळेआधी’ पोहोचल्याचे आपण लिहिले आहे, त्याचेही कारण याच गर्दीत आहे. कंपन्या वेळापत्रक तयार करताना या प्रतीक्षेसाठी थोडा वेळ आधीच राखून ठेवतात. एखाद्या दिवशी प्रतीक्षा करावी लागली नाही तर विमान वीस मिनिटे आधी उतरते आणि करावी लागली तर ठरल्या वेळी पोहोचते. पुढच्या वेळी विमान वेळेआधी पोहोचणार अशी घोषणा झाली, तरी तेवढ्यावर विसंबून लगेच टॅक्सी मागवू नये.

प्रश्न : माझ्या यजमानांना विमानाने जाणे नको वाटते. लिस्बनहून लंडनला रेल्वेने किंवा मोटारीने जाता येईल का? – एक वाचक, डिचोली

उत्तर : जाता येईल, परंतु वेळ आणि कष्ट दोन्ही फार लागतील. रस्त्याने हे अंतर सुमारे २२०० किलोमीटर आहे आणि पोर्तुगाल, स्पेन व फ्रान्स ओलांडून कॅलेजवळ मोटार रेल्वेवर चढवून १९९४ साली खुल्या झालेल्या, ५० किलोमीटर लांबीच्या खाडीखालील बोगद्यातून पलीकडे न्यावी लागते. वाटेत किमान दोन मुक्काम धरावेत. रेल्वेचा प्रवास एकेकाळी सोपा होता, कारण लिस्बनहून माद्रिदला आणि फ्रान्सच्या सीमेपर्यंत रात्रीच्या गाड्या जात असत. मार्च २०२० मध्ये त्या बंद पडल्या. त्यामुळे लिस्बन ते माद्रिद या सुमारे ५०० किलोमीटर हवाई अंतराच्या टप्प्यालाच गाड्या बदलत जवळजवळ अख्खा दिवस जातो. माद्रिदपासून पुढे मात्र प्रवास सुखाचा आहे. माद्रिद ते बार्सिलोना अडीच-तीन तास, बार्सिलोना ते पॅरिस साडेसहा-सात तास आणि पॅरिस ते लंडन सुमारे दोन तास वीस मिनिटे, अशा वेगवान गाड्या तिथे आहेत. यजमानांची प्रकृती ठीक असेल आणि हाती तीन दिवस असतील, तर माद्रिद आणि पॅरिस येथे मुक्काम करून हा प्रवास जरूर करावा. केवळ पोहोचणे हा हेतू असेल तर तो करू नये.

प्रश्न : लिस्बनहून लंडनला येणारे आमचे विमान चार तास उशिरा पोहोचले. जावयांनी अर्ज केल्यावर प्रत्येकी ४०० युरो भरपाई मिळाली. त्याच महिन्यात माझ्या मावसभावाचे पोर्तोहून लंडनला येणारे विमान तितकेच उशिरा पोहोचले, तर त्याला मात्र २५० युरोच मिळाले. हा भेदभाव नव्हे का? आणि आमच्यासारख्या भारतीय पारपत्रधारकांना हा हक्क नेहमी मिळतो का? – एक वाचक, वास्को

उत्तर : हा भेदभाव नसून अंतराचा परिणाम आहे, आणि दोन शहरांमधील अंतर नेमके माहीत असणे प्रवाशाच्या किती उपयोगाचे आहे हे आपल्या पत्रावरून स्पष्ट होते. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमाप्रमाणे १५०० किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणाला २५० युरो, १५०० ते ३५०० किलोमीटरसाठी ४०० युरो आणि त्याहून लांबच्या उड्डाणाला साधारणतः ६०० युरो अशी भरपाई ठरलेली आहे. अंतर पृथ्वीच्या गोलाईवरील जवळच्या रेषेनेच मोजावे, असेही त्या नियमात लिहिले आहे. लिस्बन ते हीथ्रो हे अंतर १५६५ किलोमीटर, म्हणजे सीमेच्या थोडेसेच वर आहे. पोर्तो ते हीथ्रो ते सुमारे १३०० किलोमीटर भरते. लिस्बनहून गॅटविकला उतरला असता तरी १५४३ किलोमीटरमुळे आपला हक्क ४०० युरोंचाच राहिला असता.

विमान प्रत्यक्षात किती वळसा घालून आले याला इथे महत्त्व नाही. रोमहून ब्रसेल्समार्गे हॅम्बुर्गला गेलेल्या प्रवाशांच्या प्रकरणात, प्रत्यक्ष उड्डाण १५०० किलोमीटरांहून लांबचे झाले असले तरी रोम ते हॅम्बुर्ग हे सरळ अंतरच धरावे, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. त्याच न्यायालयाने २००९ मध्ये असे ठरवले की तीन किंवा अधिक तासांचा उशीर झाला तर भरपाई देय होते, आणि २०१४ मध्ये असे स्पष्ट केले की विमानाची चाके जमिनीला लागली तो क्षण पोहोचण्याची वेळ म्हणून न धरता प्रवाशांना उतरण्यासाठी एक तरी दार उघडले तो क्षण धरावा. उशीर तीन तासांच्या आसपास असेल तेव्हा ही काही मिनिटे निर्णायक ठरतात, म्हणून दार उघडताच भ्रमणध्वनीवर छायाचित्र घेऊन ठेवावे, म्हणजे वेळेची नोंद राहते. वादळ, धुके किंवा हवाई नियंत्रकांचा संप अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी रोख भरपाई मिळत नाही. विमानातील नेहमीचा तांत्रिक बिघाड मात्र बहुधा सबब म्हणून चालत नाही. रोख भरपाई मिळत नसली तरी खाण्यापिण्याची आणि रात्र काढावी लागल्यास निवासाची सोय करणे कंपनीवर बंधनकारक राहते. या मार्गासाठी तीन तासांच्या विलंबानंतर खाण्यापिण्याचा हक्क सुरू होतो, तर पोर्तोहून येणाऱ्यांसाठी तो दोन तासांनंतरच सुरू होतो, हाही अंतराचाच परिणाम.

हा हक्क नागरिकत्वावर अवलंबून नाही. भारतीय, पोर्तुगीज किंवा ब्रिटिश, कोणतेही पारपत्र असो, विमान कुठून निघाले आणि कंपनी कुठली आहे एवढेच पाहिले जाते. लिस्बनहून निघालेल्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला युरोपीय नियम लागू होतो. लंडनहून निघालेल्या विमानाला ब्रिटनने संघातून बाहेर पडल्यावर आपल्या कायद्यात कायम ठेवलेला तसाच नियम लागू होतो आणि तिथे रकमा २२०, ३५० व ५२० पौंड अशा आहेत. गोव्याहून निघताना मात्र एक फरक लक्षात ठेवावा. आखाती कंपनीच्या विमानाने गोव्याहून लिस्बनला जाताना उशीर झाला तर युरोपीय नियमाची मदत मिळत नाही. त्याच कंपनीच्या त्याच तिकिटावर लिस्बनहून गोव्याला परत येताना ती मिळते, आणि लिस्बन ते गोवा हे सरळ अंतर सुमारे ८३०० किलोमीटर असल्याने रक्कमही सर्वांत वरच्या टप्प्याची असते. या नियमांत बदल करण्याची चर्चा युरोपात चालू आहे, म्हणून अर्ज करण्यापूर्वी प्रवासाच्या दिवशी लागू असलेला नियम एकदा पाहून घ्यावा. अर्ज कंपनीच्या संकेतस्थळावर विनामूल्य करता येतो. टक्केवारी घेणाऱ्या मध्यस्थाकडे जाण्याआधी आपण स्वतः किंवा घरातील तरुण मंडळींच्या साहाय्याने एकदा अर्ज करून पाहावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

प्रश्न : आम्ही लिस्बनहून लंडनला येऊन त्याच दिवशी दुसऱ्या तिकिटावर भारताकडे निघणार आहोत. मधे किती वेळ ठेवावा? यजमानांकडे पोर्तुगीज पारपत्र आहे, माझ्याकडे भारतीय. दोघांचे नियम सारखे आहेत का? – एक वाचक, काणकोण

उत्तर : नियम सारखे नाहीत, आणि वेळेचा हिशेब मांडताना दोघांपैकी ज्याला जास्त वेळ लागेल त्याचाच विचार करावा.

यजमानांविषयी आधी. पोर्तुगीज नागरिकांना ब्रिटनमध्ये जाण्यासाठी व्हिसा लागत नाही, परंतु एप्रिल २०२५ पासून त्यांना निघण्यापूर्वी ऑनलाइन प्रवास अनुमती घ्यावी लागते, आणि सर्वसाधारण प्रवाशाला पोर्तुगालच्या ओळखपत्रावर तिथे प्रवेश मिळत नाही, पारपत्रच लागते. ही अनुमती नसेल तर लिस्बनच्या विमानतळावरच त्यांना अडवले जाईल. आपल्याला भारतीय पारपत्रावर ब्रिटनचा स्वतंत्र व्हिसा लागेल. पोर्तुगालला जाण्यासाठी घेतलेला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा, ब्रिटनमध्ये चालत नाही, कारण ब्रिटन त्या व्यवस्थेत कधीच नव्हता. लंडनहून पुन्हा लिस्बनला जाण्याचा विचार असेल तर शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे की नाही तेही पाहा. एकाच प्रवेशाचा असेल तर लंडनला निघताच तो संपतो. याखेरीज, युरोपीय संघाबाहेरील नागरिकांची बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेऊन नोंद करणारी नवी पद्धत ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमांवर सुरू झाली आहे. लिस्बनमध्ये यजमान एका रांगेतून लवकर पुढे जातील आणि आपल्याला दुसऱ्या रांगेत अधिक वेळ लागेल. यजमानांनी पलीकडे थांबावे आणि विमानात चढण्याचे पास दोघांनी आपापल्या जवळ ठेवावेत.

दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर असती तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकल्यास पुढची व्यवस्था कंपनीने केली असती. स्वतंत्र तिकिटांवर तसे बंधन नाही. लिस्बनहून उशीर झाला आणि भारताचे विमान निघून गेले, तर बहुधा नवे तिकीट स्वतःच्या पैशांनी काढावे लागते. शिवाय सामान लंडनमध्ये उतरवून घेऊन पुन्हा जमा करावे लागते आणि त्यासाठी ब्रिटनमध्ये रीतसर प्रवेश करावा लागतो. म्हणून व्हिसा काढताना केवळ विमानतळाच्या आतून विमान बदलण्यापुरता व्हिसा पुरणार नाही.

दोन्ही विमाने हीथ्रोवरचीच असतील तर तिकिटावरील पोहोचण्याच्या वेळेपासून पुढच्या निघण्याच्या वेळेपर्यंत मी किमान पाच तास ठेवीन. भारताकडे जाणाऱ्या विमानासाठी सामान जमा करण्याची खिडकी उड्डाणाच्या सुमारे एक तास आधी बंद होते आणि हीथ्रोवर टर्मिनल बदलावे लागल्यास आणखी वेळ जातो. टर्मिनल २ आणि ३ एकमेकांना लागून आहेत, ४ आणि ५ दूर आहेत. त्यांच्यामधला रेल्वेप्रवास विनामूल्य आहे, पण गाडीची वाट पाहावी लागते. लिस्बनचे विमान गॅटविकला उतरत असेल आणि भारताचे हीथ्रोहून निघत असेल, तर त्याच दिवशीचा बेत सोडून द्यावा. या दोन विमानतळांमध्ये साठ-सत्तर किलोमीटरचा रस्ता आहे, लंडनभोवतीच्या महामार्गावर वाहतूक कधी खोळंबेल ते सांगता येत नाही, आणि पाऊणशे वयाच्या माणसांनी सामानासह ही धावपळ करणे बरे नव्हे. एक रात्र विमानतळाजवळ मुक्काम करावा. त्या मुक्कामाचा खर्च ऐनवेळी काढाव्या लागणाऱ्या दोन नव्या तिकिटांपेक्षा कितीतरी कमी असतो.

आपली तिकिटे अजून काढलेली नसतील, तर आणखी एक पर्याय तपासून पाहावा. लिस्बनहून भारतात यायला लंडनला जाण्याचीच आवश्यकता नाही. आखाती शहरांतून एकाच तिकिटावर विमान बदलून येता येते, सामान थेट पुढे जाते आणि ब्रिटनचा व्हिसाही लागत नाही. लंडनमध्ये कोणाला भेटायचे असेल तरच तो टप्पा ठेवावा, आणि भेटायचे असेल तर काही तासांऐवजी दोन-चार दिवस तिथे राहता येईल अशाच तारखा धराव्यात.